डोक्यात वीज कोसळल्यासारखे दुखले तर...



डोके दुखले की आपल्या घरातली बाई कपाळाला बाम चोळते, फडके बांधते आणि कामाला लागते. नेहमीचे दुखणे त्यात निभते. परंतु एक दुखणे क्षणात येते. 'जन्मात असे दुखले नाही' असे माणूस म्हणतो. सोबत ओकारी होते, मान ताठते, कधी शुद्ध हरपते. तेव्हा पित्त म्हणून झोपवू नका आणि लिंबू उतरवत बसू नका. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण ती वाट सोडली आहे.

मेंदूच्या रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथे कधी कधी भिंत विरते आणि सायकलच्या ट्यूबसारखा फुगा येतो. पुष्कळांचा फुगा जन्मभर फुटत नाही. फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरते आणि जीव धोक्यात येतो. बिडी-सिगारेट व वाढलेला रक्तदाब यांनी धोका वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो.

पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणे हाच उपाय होता. काही रुग्णांना आजही तोच योग्य ठरतो. १९९० पासून दुसरी वाट निघाली. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, फुग्यात भरतात. आत रक्त गोठते आणि फुगा बंद होतो. मान रुंद असेल तर वेटोळी बाहेर घसरू नयेत म्हणून मुख्य वाहिनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात.

फुगा फुटलेल्या २,१४३ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही उपाय चालण्याजोगे होते अशाच रुग्णांचा तो होता. वर्षभरानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलच्या गटात शंभरात सुमारे २४, तर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३१ होते.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पैसे वाचवायला त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. फेरतपासणीही चुकवू नये.

आता खर्चाचे. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारी माणसे. पण कागद कसा मागावा हे जाणतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा : हा उपचार योजनेत बसतो का? किती कॉइल धरल्या आहेत? जास्त लागल्या तर खर्च कोणाचा? शंका असल्यास १५५३८८ वर फोन करा.

१८८८ साली जोतिरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ पुरा केला. त्यांच्या नावाची योजना मागणे म्हणजे भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.

पण आधी १०८ ला फोन करा. आमच्या प्रतापनगरपासून मेडिकल काही किलोमीटरवर आहे. पैशाची जुळवाजुळव करत रात्र घालवू नका. रुग्ण आधी पोहोचवा, कागद मागून न्या.