सावित्री म्हणू नका, गुरुवार वाटून घ्या

नवरा डायलिसिसवर असलेल्या बाईबद्दल खारदांड्याच्या कोळीवाड्यात काय आणि उरलेल्या मुंबईत काय, एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सावित्री आहे हो ती!’ म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण एवढं बोलून तो मोकळा होतो आणि ती होती तिथेच राहते. म्हणून या कौतुकाचा आणि त्यामागच्या समजुतींचा एकदा समाचार घ्यायला हवा.

पहिली समजूत अशी की, ही पतिसेवा आहे, तिचा हिशेब कसला मांडायचा? जिचा दाखला देता, तिची गोष्ट तरी नीट वाचा. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री तीन रात्रींचं व्रत करते, यमाच्या मागे चालत जाते आणि बोलण्यात त्याला जिंकून एकेक वर पदरात पाडून घेते. आधी सासऱ्याची दृष्टी, मग त्याचं राज्य, मग वडिलांना पुत्र. सत्यवानाचे प्राण त्यानंतर. मुकाट्याने सोसणारी बाई या गोष्टीत नाहीच, मागणारी आहे. शिवाय तिचा प्रश्न एकदाच निकालात निघाला. इथे डायलिसिसचा सोमवार पार पडला की गुरुवार दारात उभा.

दुसरी समजूत : ‘उपचार फुकट आहेत ना, मग अडलंय कुठे?’ महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि तो मोठा आधार आहे, हे कबूल. पण योजना पैसे मोजते ते यंत्राचे. आठवड्याला दोन किंवा तीन खेपा, दर खेपेला सुमारे चार तास. दोनच धरल्या तरी वर्षाला १०४ होतात. रिक्षाचं भाडं, नंबर लागेपर्यंत ताटकळणं, परतताना गळून गेलेल्या माणसाला खांद्याचा आधार देऊन जिना चढवणं, हे कुठल्याच बिलात येत नाही. ‘बाई काय, घरीच असते’ हे तर दांड्यात सपशेल खोटं. होडीवर पुरुष जात असला तरी म्हावरं विकून पैसा हाती आणते ती कोळीण. डायलिसिसच्या दिवशी तिची पाटी भरत नाही, आणि बाजारातलं गिऱ्हाईक तिच्यासाठी थांबून राहत नाही. नवऱ्याचं समुद्रावर जाणं आधीच सुटलेलं. आता तिचाही धंदा अर्ध्यावर.

तिसरी समजूत सगळ्यांत लाडकी : ‘आपल्याकडे माणसं आहेत, कोळीवाडा धावून येतो.’ येतो, खरंच येतो. रात्री दम लागला तर चार दारं उघडतात. पण धावून येणं वेगळं आणि पाचव्या वर्षातल्या साध्या गुरुवारी सोबत जाणं वेगळं. भेटीला येणारे शहाळी घेऊन येतात. निकामी मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. ती शहाळी बाजूला ठेवते आणि ‘नवऱ्याला नारळपाणीसुद्धा देत नाही’ असा बोल पदरात घेते.

घरात सुके बोंबील आणि जवळा त्याच्या ताटातून गेले, कारण मीठ म्हणजे तहान आणि पाण्याला तर माप. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरायचं. चहा झाला, आमटी झाली की तेवढं तिच्यातून ओतून टाकायचं. भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकून मग शिजवायची. झोपण्याआधी त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं टेकवून थरथर लागते ना, ते बघायचं. नाही लागली तर तडक हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं ‘कुटुंब’ करत नाही, कुटुंबातलं एक माणूस करतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्क्यांनी घरच्यांची देखभाल केल्याची नोंद आहे, पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी. त्यात मुलांचं संगोपनही आलं. पण कल कुठे आहे, हे सांगायला आणखी आकडे नकोत.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. असं उघड बोललं तर आजारी माणसाला आपण ओझं आहोत असं वाटणार नाही का? वाटेल. पण न बोलल्यानेही ते त्याला वाटतच असतं, फक्त त्यावर उपाय काढता येत नाही. तिचं ओठ मिटून राबणं त्याला दिसत नाही असं थोडंच आहे? बाटलीतल्या पाण्याचा हिशेब तो स्वतः ठेवू शकतो, गोळ्यांची, तारखांची वही तो लिहू शकतो. ‘आजाऱ्याशी भांडू नये’ हा सल्लाही चुकीचा. ज्या घरात भांडण बंद झालं, तिथे नवरा-बायको उरत नाहीत. रुग्ण आणि नर्स उरतात.

मग हवं काय? डायलिसिस सुरू करतानाच जोडीदाराला समोर बसवून फिस्टुला, पाणी, पोटॅशियम नीट शिकवावं. आज बरंचसं ठेचा खात कळतं. डायलिसिसची पाळी ठरवताना सोबतच्या माणसाच्या कामाची वेळही विचारावी. कायद्याचं वागणं तर बघा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळच्या नातेवाइकांत पती-पत्नी आहेत. म्हणजे मूत्रपिंड द्यायचं असेल तर जोडीदार कायद्याला लगेच ओळखू येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहक म्हणजे कोण तेही सांगितलं, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद केली. पण त्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, सिकल सेल आहे, मूत्रपिंडाचा आजार नाही. तो यायला हवा, आणि भत्ता कागदावरून हातात पडायला हवा.

सरकार जागं होईपर्यंत दांड्याला एक गोष्ट आजच करता येईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, दीर-भाचे घरी असतात. या ६१ दिवसांतल्या डायलिसिसच्या सगळ्या खेपा पुरुषांनी वाटून घ्याव्यात. त्या दोन महिन्यांत त्यांना भाजी भिजवायला येईल, फिस्टुला तपासायला येईल. मग होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर आठवड्यातला एक दिवस उचलणं कुणालाच जड जाणार नाही. तेवढं करा, आणि मग तिला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.