तिशीच्या आधीची तपासणी

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या पानठेल्यांवर पन्नीत घोटला जाणारा खर्रा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो तसा मानला जात नाही.

खर्र्याचे नाते असंसर्गजन्य आजारांशी आहे. हे आजार म्हणजे एकाकडून दुसऱ्याला न लागणारे, पण शरीरात वर्षानुवर्षे मुरत जाणारे आजार: मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग. भारतातील मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ पर्यंत तो ६२ टक्क्यांच्या आसपास गेला.

खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. तंबाखू वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारी मात्र आपल्याकडे पाहुण्यापुढे ठेवायची वस्तू, त्यामुळे तिच्याविषयी कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

सुपारीतील अॅरेकोलीन हे द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारे तंतू, गरजेपेक्षा जास्त तयार करायला लावते. सुपारीतल्या तांब्यामुळे हे तंतू एकमेकांत अधिक घट्ट गुंततात आणि शरीराला ते मोडता येत नाहीत. आधी तिखटाने तोंडाची आग होते. मग गाल पांढुरके, ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. डॉक्टर याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. खर्रा सोडल्यावरही हा ताठरपणा सहसा जात नाही, आणि काही रुग्णांना पुढे त्यातूनच कर्करोग होतो.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. गुटखा निदान कारखान्यातून पुडीत येतो, म्हणून तो पकडता येतो. खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. त्यावर ना उत्पादकाचे नाव, ना धोक्याची सूचना.

केंद्राचा असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यात आज तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाचा कर्करोग तपासला जातो. रक्तदाबासाठी ही वयोमर्यादा समजण्यासारखी आहे. खर्र्यासाठी ती फार उशिराची आहे, कारण ही सवय अनेकांना शाळा-कॉलेजातच लागते.

तोंड पुरेसे उघडते का, म्हणजे त्यात उभी तीन बोटे मावतात का, एवढे पाहायला यंत्र लागत नाही. सक्करदऱ्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तुकडोजी पुतळ्याजवळचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालयही दूर नाही. या संस्था आणि महापालिकेचे दवाखाने यांनी मिळून ही तपासणी अकरावी-बारावीच्या वर्गांत आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यावर न्यावी. तिथे तंबाखूइतक्याच स्पष्टपणे सुपारीविषयीही विचारावे.