चालता मनुष्य आणि ‘येतों’

घरच्या मंडळींस व्हॉट्सॲपवर निरोप धाडतांना ‘निघालों’ हा शब्द न लिहितां चालत्या मनुष्याचें चिमुकलें चित्र ठेवून मोकळें होण्याची चाल हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत रूढ झाली आहे. चित्र निरुपद्रवी आहे. परंतु तें क्रियापदाचें काम करतें, हा जो समज पसरला आहे तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

या इमोजीचें कुळ पाहा. युनिकोडच्या २०१० सालच्या सहाव्या आवृत्तींत तें ‘पादचारी’ या नांवानें दाखल झालें. पुढें पुरुष कीं स्त्री, अशी अडचण पडली, तेव्हां २०१६ सालीं दोन निराळ्या आकृति कराव्या लागल्या. त्यांचें तोंड बहुतेक डावीकडेच. उजवीकडे चालणारा मनुष्य मिळावयास २०२३ साल उजाडलें. एवढ्या खटाटोपानें जें अर्धेंमुर्धें साधलें, तें मराठीनें ‘निघालों’ व ‘निघालें’ यांतील एका कान्याच्या फरकानें कधींच साधलें होतें.

आणि काळाचें काय? ‘निघतों’, ‘निघालों’, ‘निघणार आहें’ यांवर घरांतील रात्रीच्या जेवणाचा सगळा हिशेब अवलंबून असतो. ताट वाढावें, कीं आमटी झांकून ठेवावी? हा चित्रांतला गृहस्थ कचेरीच्या जिन्यावर आहे, लोकलमध्यें उभा आहे, कीं जेवून शतपावली घालीत आहे, हें वाट पाहणाऱ्या माउलीनें कशावरून ओळखावें? वेळ वाचतो म्हणावें, तर चित्रांच्या ढिगांतून हें हुडकून काढीपर्यंत शब्द दोनदां लिहून होतो.

पण आमचा खरा राग याहून निराळा आहे. मराठी घरांतून बाहेर पडणारा मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. चुकून ‘जातों’ निघालेंच तर वडील माणसें तेथल्यातेथें दटावतात. या चित्रास येण्याजाण्यांतील भेदच ठाऊक नाहीं. वाक्याच्या शेवटीं ठेविला असतां तो डावीकडे, म्हणजे लिहिलेल्या शब्दांकडेच परत वळतो, तोच त्याचा ‘येतों’, असा बचाव एखादा रसिक करील. करो बापडा! परदेशीं परतणारा मुलगा विमानतळावरून आईस नुसतें हें चित्र धाडतो, तेव्हां तो गेला एवढेंच तिला कळतें.

सकाळच्या फेरफटक्याची वर्दी मित्रांस देण्यास तें खुशाल वापरावें. किती वाजतां, हें मात्र लिहावें.