बिळातली गोळी

करड्या रंगाची, तीन ग्रॅमची गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. बिळातल्या ओलाव्याने तिचे विघटन होऊ लागते आणि सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू बाहेर पडतो. या वायूवर उतारा नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातील लेटन गावी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांना मारण्यासाठी एका घराच्या अंगणातल्या बिळांत अशाच गोळ्या टाकल्या गेल्या. वायू जमिनीखालून घरात शिरला आणि दोन चिमुकल्या बहिणी दगावल्या. गोळ्या टाकणाऱ्यावर आणि त्याच्या कंपनीवर खटले झाले. इमारतीपासूनचे अंतर 15 वरून 100 फूट झाले, निवासी भागात वापरच बंद झाला. पण हे सगळे मुली गेल्यावर!

आपल्याकडेही ही गोळी वाटेल त्याने वापरायची नाही, असा नियम आहे. तरी ‘सल्फास’ म्हटले की गावोगाव ती ओळखीची. सोसायटीत उंदरांचा बंदोबस्त करायला माणूस आला, की आपण फक्त दर विचारतो. परवाना विचारा. औषधाचे नाव लिहून घ्या. बीळ कुणाच्या खोलीखाली जाते, हे आधी पाहायला लावा. शेजारच्या घरात पाळणा असेल, तर त्यांना सांगितल्याशिवाय एकही गोळी टाकू देऊ नका.