वरातीतले गाणे

वरातीत बँडवाल्याने वाजविलेल्या चित्रपटगीताबद्दल कोणास छदाम द्यावा लागू नये, अशी मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने दिलेली आहे. परंतु तीच वरात वधूच्या मामाने मोबाईलवर टिपून यूट्यूबवर चढविली, की ती मुभा मांडवातच राहते, हक्काच्या दाव्याची नोटीस येते, आणि जन्मात कोर्टाची पायरी न चढलेला तो गृहस्थ घाबरून व्हिडिओच काढून टाकतो. वास्तविक असा दावा म्हणजे शिक्षा नव्हे. बहुधा व्हिडिओ जागीच राहून जाहिरातीचे उत्पन्न तेवढे हक्कदाराकडे वळते. (मामांना उत्पन्न कुठले, हा भाग अलाहिदा.) दावा गैरवाजवी असेल तर हरकत घेता येते, आणि दावेदार ३० दिवस गप्प राहिला तर दावा आपोआप गळून पडतो.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचीच मालकी नाही. मात्र त्यास एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल त्याच्या निधनानंतर ६० वर्षे, आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे संरक्षित असते. दावे लावणारे यूट्यूबचे यंत्र मात्र केवळ ध्वनीचा ठसा जुळविते. मुदत संपली की नाही, याची शहानिशा ते करीत नाही. म्हणून मुद्रणाचे साल आणि हक्काचा दस्तऐवज दाखविण्याची सक्ती प्रथम दावेदारावरच असावी. सातबाऱ्यावर नाव लावावयाचे तरी तलाठी आधी कागद मागतो.