रंगाच्या रेणूंना नवे काम

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरून आलेल्या अनेक दूरसंचार-तारा भूमीवर चढतात. त्यांतला संदेश प्रकाशावर स्वार होऊन येतो. विजेच्या संकेताचा ठसा प्रकाशावर उमटवायचा, तर विजेच्या दाबाबरोबर प्रकाशीय गुण बदलणारा पदार्थ लागतो. हे काम लिथियम नायोबेटसारखे असेंद्रिय स्फटिक दीर्घकाळ करीत आले आहेत. सेंद्रिय रेणू ते अधिक चपळाईने करू शकतात, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

असा रेणू घडविण्याचे तत्त्व मुंबईच्या रंगरसायनज्ञांना परके नाही. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा आणि मध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी, हीच ठेवण कापडाच्या कित्येक रंगांचीही असते. पॉलिस्टर रंगविणारा ‘डिस्पर्स रेड वन’ तर या अभ्यासातला जुना नमुना-रेणू होय. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून अशा रंजकांवर निबंध प्रसिद्ध व्हावेत, यात नवल नाही.

परंतु रेणू प्रबळ असला म्हणजे पदार्थ प्रबळ होतोच असे नाही. पॅरानायट्रोअॅनिलीनचा सुटा रेणू मोठा गुणवान. स्फटिकात मात्र हे रेणू परस्परविरुद्ध तोंडे करून बसतात आणि लेसरची कंप्रता दुप्पट करण्याचा गुण मावळतो. त्याच रेणूला योग्य जागी एक मिथिल गट जोडला की मांडणी पालटते आणि तो गुण जोमाने प्रकटतो. प्लास्टिकच्या पापुद्र्यात मिसळून, तापवून, विद्युत्क्षेत्रात रेणू एका दिशेला वळविता येतात. पण काळ आणि उष्णता त्यांना पुन्हा विस्कटून टाकतात. संगणकावर काढलेल्या एकट्या रेणूच्या आकड्यात ही अडचण दिसत नाही. पुष्कळ निबंध मात्र त्या आकड्यापाशीच विसावतात!

रेणू आखणे, बनविणे आणि पारखणे ही तिन्ही कामे एकाच आवारात करणाऱ्या संस्था उपनगरांत होत्या. गोरेगावचे सीबा केंद्र १९६३ चे, मुलुंडचे हेक्स्टचे १९७२ चे. दोन्ही औषधांसाठी होती, तरी शिस्त तीच. मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले. अंधेरीतील हिंदुस्थान लिव्हरचे संशोधनही पुढे बंगळुरास हलले. पवईची आयआयटी १९५८ पासून आहे, आणि माटुंगा तिच्यापासून दूर नाही. एकीने रेणू बनवावा, दुसरीने पापुद्रा करून मोजावा, इतके साधे हे काम आहे. अनुदान देणाऱ्यांनी फक्त एक अट घालावी: पापुद्रा ८५ अंश सेल्सिअसला दोन हजार तास ठेवल्यावर मूळ परिणामापैकी किती उरला, त्याची नोंद सादर करावी.