भुलीची जोखीम आणि जबाबदारी

म्हातारे कुत्रे भूल सोसत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. या समजापोटी दोन टोकांचे वर्तन घडते. एक तर शस्त्रक्रियेचा विचारच सोडून दिला जातो आणि जनावर वेदनेत झिजत राहते. नाहीतर ‘होईल ते होईल’ म्हणून हाताशी असेल ते गुंगीचे औषध टोचून काम उरकले जाते. त्यात जनावर दगावले म्हणजे मूळ समज अधिकच पक्का होतो. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. धोका असतो तो वयाच्या आड दडलेल्या आणि कोणी न तपासलेल्या विकारांत. दैवावर टाकलेला हा प्रश्न पूर्वतयारीचा आहे, आणि म्हणूनच तो जबाबदारीचाही आहे.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा आहे, असे कोणी मानू नये. सातपुड्याच्या डोंगरातील भिल्ल व पावरा वस्त्यांतून कुत्रा हा घराचा, शेताचा आणि शेळ्या-कोंबड्यांचा राखणदार असतो. तळोदा-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने ही राखण किती मोलाची आहे, हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. दुसरीकडे नंदुरबार, शहादा, नवापूर या गावांतील मध्यमवर्गीय घरांतही आता कुत्री पाळली जातात. लसीकरण व बरा आहार यांमुळे त्यांतील पुष्कळशी बारा-चौदा वर्षे जगतात. आयुष्य वाढले तसे उतारवयातले विकारही आले. गर्भाशयात पू होणे, स्तनांच्या गाठी, किडलेले दात, हृदयाच्या झडपांचे व मूत्रपिंडाचे दुखणे हे विकार वृद्ध कुत्र्यांत नित्याचे होत. यांतील पहिला तर असा आहे की, शस्त्रक्रिया टाळणे हाच बहुधा अधिक मोठा धोका ठरतो.

हा धोका किती, याचा अंदाज ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीवरून येतो. २००२ ते २००४ या काळात तेथील ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांत भूल दिलेल्या ९८ हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद ठेवण्यात आली. निरोगी कुत्र्यांत सुमारे अठराशेंत एक मृत्यू आढळला. आजारी कुत्र्यांत मात्र पंचाहत्तरांत एक. हे प्रमाण सुसज्ज दवाखान्यांतले आहे. आपल्याकडील परिस्थितीस ते जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रोग असेल तर जोखीम अनेक पटींनी वाढते. म्हणून तो आधी शोधावयास हवा. दुसरी, आजारी कुत्र्यांतही बहुसंख्य भुलीतून सुखरूप बाहेर येतात. म्हणून आधीच हात टेकण्याचे कारण नाही.

वृद्ध शरीरात भूल अवघड का होते, हे समजण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंड करतात; ती मंदावली की तरुण कुत्र्याला पुरणारी मात्रा म्हाताऱ्याला जास्त होते व तिचा अंमल लांबतो. रक्तदाब उतरला असता निरोगी हृदय वेग वाढवून तोल सावरते. झिजलेल्या झडपेच्या हृदयाला ते जमत नाही. शरीराची ऊब लवकर जाते, आणि थंडावलेले शरीर शुद्धीवर येण्यास वेळ घेते. डाब-तोरणमाळच्या परिसरात हिवाळ्यात दव गोठते. तेथे हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही.

औषधाच्या निवडीलाही म्हणूनच महत्त्व आहे. आपल्या ग्रामीण दवाखान्यांची घडण प्रामुख्याने गाय, बैल व शेळी यांच्यासाठी झाली. औषधांचा साठाही त्याच हिशेबाने आला. झायलाझिन हे गुंगीचे औषध त्यांतलेच. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्याला जी मात्रा लागते, तिच्या सुमारे दशांशात बैल आडवा होतो, इतका फरक जातीजातींत आहे. हेच औषध हृदयाची गती व रक्ताभिसरण मंद करते. सशक्त तरुण कुत्रा ते निभावून नेतो, हृदयविकाराच्या म्हाताऱ्या कुत्र्यास ते घातक ठरू शकते. अशा रुग्णासाठी सौम्य पूर्वऔषध, शिरेतून थेंबाथेंबाने, परिणाम पाहत दिलेले प्रोपोफॉल, पुढे प्राणवायूबरोबर आयसोफ्लुरेन वायू आणि जेथे शक्य तेथे जागेपुरती बधिरता ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. मात्र कोणतेही औषध स्वतःहून सुरक्षित नसते. ते देणारा हात आणि त्यावर ठेवलेली नजर यांनी ते सुरक्षित होते.

शस्त्रक्रियेपूर्वी हृदय व फुप्फुसे नीट ऐकावीत, रक्त तपासावे, मूत्रपिंड व यकृताची स्थिती पाहावी. आपल्याकडे गोचिडांपासून होणारा ताप सर्रास आढळतो व त्यात रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटतात. त्या न मोजता सुरी लावणे हे साहस होय. शरीरात पाणी कमी असेल तर आधी सलाईन द्यावे. उपाशी ठेवण्याच्या नावाखाली मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पाणी रात्रभर तोडू नये. भूल देताना श्वासनलिकेत नळी असावी, प्राणवायू हाताशी असावा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज दुसरा एक माणूस केवळ नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग व ऊब पाहण्यास नेमलेला असावा. एकाच माणसाने कापावे, शिवावे आणि श्वासही मोजावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ब्रिटनच्या त्याच पाहणीत जवळजवळ निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे होते, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांतले. टाके पडताच जनावर टेम्पोत घालून घरी धाडण्याची घाई किती महाग पडते, हे यावरून कळावे.

मालकाची जबाबदारीही लहान नाही. कुत्रे रात्री खोकते, पाणी फार पिते, चार पावलांत दमते, या गोष्टी दवाखान्याला त्यानेच सांगावयाच्या असतात. माणसांची वेदनाशामके परस्पर चारली असतील तर तेही लपवू नये. त्यांनी मूत्रपिंड आधीच दुखावलेले असू शकते. मादीची नसबंदी तरुणपणीच केली, तर गर्भाशयात पू होण्याचे संकट टळते व म्हातारपणीची एक धोक्याची भूलही वाचते. आणि कधी कधी शस्त्रक्रिया न करता वेदना कमी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. तो निर्णय मात्र तपासणीअंती घ्यावा, भीतीपोटी नव्हे.

‘ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणामुळे राज्यभर झाले, तेथे कुत्र्यांच्या भुलीची चिंता कशाला?’ असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. माणसाच्या आरोग्यावरचा एक पैसाही इकडे वळवावा, असे आमचे म्हणणे नाही. तथापि या जिल्ह्याला पूर्वतपासणीचे मोल वेगळे शिकवावयास नको. येथील आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो; अशा रुग्णास भूल देताना प्राणवायू, ऊब व पाणी यांत उणीव राहू नये म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. जोखीम आधी ओळखावी आणि मग पाऊल टाकावे, हे तत्त्व रुग्ण कोणताही असो, बदलत नाही. शिवाय पशुवैद्यकीय दवाखान्यात आलेला प्राणवायू, रक्ततपासणी व शिकलेला हात हे शेळीच्या अडलेल्या बाळंतपणालाही उपयोगी पडतात आणि भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीलाही.

त्यामुळे मागणी माफक आहे. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही झाली. नंदुरबारकरास ही सारी दूर. सीमेपलीकडचे नवसारी त्याहून जवळ. ज्याची ऐपत आहे तो सुरत-नाशिक गाठेल; धडगावच्या घाटातून येणाऱ्याने काय करावे? प्रत्येक तालुक्यात मोठे रुग्णालय होणार नाही, हे उघड आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सुरक्षित भुलीचे एक टेबल असावे: प्राणवायू, वायूरूप भुलीचे यंत्र, नाडी व प्राणवायू मोजणारे उपकरण, रक्ततपासणी, आणि त्या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेले दोघे जण. आठवड्याचा एक दिवस त्यासाठी ठरवावा. १९६२ क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकांनी अवघड रुग्ण गावात उघड्यावर कापण्याऐवजी तपासून तेथे पाठवावेत. महाविद्यालयांनी ग्रामीण पशुवैद्यकांसाठी भुलीचे लघुवर्ग भरवावेत. आणि भुलीतला प्रत्येक मृत्यू नोंदविला जावा. दोषी शोधण्यासाठी नव्हे, तर पुढचा मृत्यू टाळण्यासाठी.

आयुष्यभर दारात जागलेल्या जनावरास आपण झोपवितो, तेव्हा त्याला पुन्हा जागे करण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु त्यासाठी जे करता येण्याजोगे होते ते सारे केले, एवढे सांगता यावयास हवे. आज अनेक ठिकाणी ते सांगता येत नाही, आणि याचा दोष त्या जनावराच्या वयाकडे जात नाही.